बाजू संपत आली की प्रोग रॉकच्या जुन्या एलपी का फाटतात?

सुईधागा (पुणे)

मंडळी, तांत्रिक प्रश्न आहे. इथे एलपीवाले बरेच आहेत म्हणून वेगळा धागा काढतोय.

जेनेसिस या प्रोग रॉक (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) बँडची 'फॉक्सट्रॉट' (१९७२) हाती लागली. इंग्लंडचं प्रेसिंग, कॅरिस्मा लेबल. मावसभावाने लंडनहून कपड्यांच्या घड्यांत घालून आणली. कव्हर कळकट आहे, पण तबकडी चकचकीत, डोळ्याला एक ओरखडा दिसत नाही. पहिली बाजू झकास. 'वॉचर ऑफ द स्काईज'च्या सुरुवातीचा मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) नुसता अंगावर येतो.

दुसऱ्या बाजूवर आधी छोटंसं 'होरायझन्स' आणि मग 'सपर्स रेडी', जवळपास २३ मिनिटांचं. त्यातली पहिली दहा-बारा मिनिटं छान जातात. पुढे 'अपोकॅलिप्स इन ९/८' सुरू झालं की ऑर्गन खरबरीत व्हायला लागतो. आणि अगदी शेवटी, पीटर गेब्रियल जीव तोडून गातो तिथे, प्रत्येक 'स' थुंकल्यासारखा येतो आणि मागचा मेलोट्रॉन कागद फाडल्यासारखा वाजतो. उजव्या स्पीकरमध्ये जास्त. म्हणजे ज्यासाठी माणूस २० मिनिटं बसून राहतो तोच भाग बाद.

सामान: टेक्निक्स एसएल-१२०० (सेकंडहँड), त्यावर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई धरणारी डबी), दुकानदारानेच बसवून दिलेलं. सुईचं वजन २ ग्रॅम, डिजिटल काट्यावर तपासलंय. रेकॉर्ड धुऊन झाली. पिंक फ्लॉइडच्या दमदम (कोलकात्याच्या कारखान्यातल्या) प्रेसिंगला काही तक्रार नाही, पण किंग क्रिमसनच्या पहिल्या एलपीच्या शेवटाला असाच प्रकार होतो.

रेकॉर्ड गेलीय, सुई गेलीय, की हे लोक रेकॉर्डिंगच असं करायचे? मुलगा म्हणतो, "बाबा, स्ट्रीमिंगवर ऐका ना." त्याला सध्या या विषयावर बोलायची बंदी आहे.

मधलीसुट्टी

+१. माझ्याकडेही हेच होतं, फक्त मला वाटायचं की स्पीकरचा कोन गेलाय. वाचतोय.

तबकडीबाज (दादर)

सुईधागा, लक्षण अगदी नेहमीचं आहे. घाबरू नका आणि अजून काही विकत घेऊ नका.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुई बाहेर असो की आत. एक फेरा १.८ सेकंदांचा. पण बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान. बाहेरच्या कडेला, केंद्रापासून १४६ मिमीवर, सुईखालून सेकंदाला जवळपास ५१ सेंमी खाच सरकते. शेवटाला, ६० मिमीच्या आसपास, तीच जेमतेम २१ सेंमी. संगीत तेवढंच, जागा निम्म्याहून कमी. १०,००० हर्ट्झच्या सुराची एक लहर बाहेर ०.०५ मिमी लांब असते, आत ०.०२ मिमी. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्याच ०.०१५ ते ०.०१८ मिमी. त्या वळणात ती शिरणार कुठून? वळणाच्या माथ्यावरून निसटत जाते आणि मूळ लहरीत नसलेलं काहीबाही वाजवते. तुमचं व्हीएम९५ई इलिप्टिकल (लंबगोल टोकाचं) आहे, बाजूची त्रिज्या ०.००८ मिमी. गोल टोकापेक्षा बरंच बरं, पण फार बारीकही नव्हे.

त्यात आणखी भर म्हणजे रिया कर्व्ह. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर मुद्दाम वाढवतात, फोनो स्टेज (रेकॉर्डसाठीचा छोटा अँप) ते उलटं करून सपाट करतो. सुरसुर कमी ऐकू यावी म्हणून ही सोय, पण त्यामुळे 'स', झांजा, मेलोट्रॉनची व्हायोलिनं हे सगळं खाचेत आणखी उभं होऊन बसतं. म्हणून फाटायला सुरुवात तिथूनच होते.

लीड्सकर

तबकडीबाजकाकांनी भौतिकशास्त्र सांगितलं, मी जरा बँडवाल्यांची तक्रार करतो. :)

साध्या पॉप एलपीवर बाजू १८-२० मिनिटांची, आणि शेवटचं गाणं हळुवार ठेवायची निर्मात्यांची जुनी खोड होती. ती उगाच नव्हती. प्रोगवाल्यांनी काय केलं? बाजूभर एकच रचना, आणि तिचा कळस शेवटी! सगळी वाद्यं, सगळा जोर, आणि तो तबकडीच्या सगळ्यात वाईट जागी. किंग क्रिमसनच्या १९६९ च्या एलपीची दुसरी बाजू घ्या. 'मूनचाइल्ड'मध्ये दहा-एक मिनिटं जवळपास काहीच घडत नाही, तीही बाहेरच्या प्रशस्त जागेत. आणि मेलोट्रॉनचा तो डोंगर येतो तेव्हा सुई लेबलाला टेकायला आलेली असते. व्हॅन डर ग्राफ जनरेटरच्या 'पॉन हार्ट्स'ची (१९७१) दुसरी बाजू तशीच, २३ मिनिटांची एकच रचना आणि शेवटी आवाजांचे थरावर थर.

उलट पिंक फ्लॉइडचं 'एकोज' पाहा. तेही साडेतेवीस मिनिटांचं, पण शेवट विरत जाणारा. येसच्या 'रिलेयर'ची (१९७४) पहिली बाजू बावीस मिनिटांची, पण लढाईचा गोंगाट मधे आणि शेवट शांत गाण्याचा. माझ्याकडची प्रत कुठल्याशा कॉलेजच्या होस्टेलमध्ये दहा-वीस पार्ट्या बघून आलेली दिसते, तरी तिचा शेवट स्वच्छ वाजतो.

आणि लांबीचं गणित. ८६ मिमी रुंदीत २२ मिनिटं बसवायची म्हणजे ७३० च्या वर फेरे. जेनेसिसच्याच 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'ची (१९७३) दुसरी बाजू २८ मिनिटांच्या पुढे जाते, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास. मोठ्या आवाजाला, त्यातही खर्जाला, खाच आडवी जास्त हलवावी लागते आणि शेजारच्या फेऱ्यात घुसून चालत नाही. मग कटिंग इंजिनिअर पातळी खाली आणतो, खर्ज छाटतो. घरी आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते. टॉड रंडग्रेनने १९७५ मध्ये 'इनिशिएशन' या एकाच एलपीत तासाभराहून जास्त संगीत कोंबलं, आणि कव्हरवर स्वतःच छापलं की सुई झिजलेली असेल तर रेकॉर्डची वाट लागेल, आणि आवाज बारीक वाटला तर टेपवर उतरवून ऐका. निदान प्रामाणिकपणा तरी!

कळफलक_बडवे

एवढं सगळं होऊन पण सीडी घ्यायची नाही. कमाल आहे बुवा.

सुईधागा

बडवे, तुम्ही आणि माझा मुलगा एकत्र भेटा एकदा.

काका आणि लीड्सकर, खूप धन्यवाद. पण मग हे सगळ्यांकडे असंच वाजतं का? मावसभावाच्या मित्राकडे हीच रेकॉर्ड शेवटपर्यंत नीट वाजते म्हणे.

मेलोट्रॉन_मावशी (नागपूर)

थांबा. सगळा दोष जागेवर ढकलू नका. या संगीतात आवाज मुद्दाम फाडायची पद्धत होती हे कुणीच बोलत नाहीये. '२१स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन'मधला ग्रेग लेकचा आवाज फाटकाच आहे, तो तसाच करायचा होता. सॉफ्ट मशीनचा माइक रॅटलेज लॉरी ऑर्गनला फझ (आवाज फाडणारं उपकरण) लावून वाजवायचा. व्हॅन डर ग्राफचा ह्यू बँटन ऑर्गन सरळ ऐकू येऊच देत नाही. हॅमंड ऑर्गनला लेस्ली (फिरता) स्पीकर जोडून त्याचा अँप तापवणं तर त्या काळचं मीठमिरची. नवीन माणूस हे ऐकून सुई बदलतो आणि फरक पडला नाही म्हणून परत बदलतो.

ओळखायचं कसं? मुद्दाम केलेलं फाटणं त्या एका वाद्यापुरतं असतं, शेजारची झांज स्वच्छ असते. खाचेचं फाटणं असलं की त्या क्षणी जे जे मोठ्याने वाजतंय ते सगळं एकदम खराब होतं.

क्रिमसनच्या त्या एलपीत तिसरी भानगड आहे. मिक्स करताना जी स्टीरिओ टेप मशीन वापरली तिची हेड नीट लावलेली नव्हती, म्हणून मूळ मास्टरवरच थोडं फाटणं आणि वरच्या सुरांची गळती आहे. ते कितीही भारी सुई लावली तरी जाणार नाही. त्यामुळे सुईधागा, तुमच्या तपासणीसाठी ती रेकॉर्ड वापरू नका. साक्षीदारच फितूर आहे.

तबकडीबाज

मावशी, मुद्दा मान्य. पण सुईधागांची तक्रार बाजूच्या शेवटाला वाढते आणि उजवीकडे जास्त आहे. मास्टर टेपला बाजूचा शेवट आणि सुरुवात कळत नाही.

उजव्या बाजूचं सांगतो. स्टीरिओ खाचेच्या दोन भिंती असतात, आतली डाव्या चॅनेलची, बाहेरची उजव्याची. वाकड्या टोनआर्मवर (सुईच्या दांड्यावर) रेकॉर्ड फिरताना सुई आत ओढली जाते, आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते. ती धरून ठेवायला अँटिस्केट, म्हणजे दांड्याला बाहेर ओढणारी सोय. ते कमी पडलं की उजवा स्पीकर आधी कुरकुरतो. साधारण सुईच्या वजनाइतकंच ठेवून सुरुवात करा.

त्याआधी कार्ट्रिज हेडशेलमध्ये (दांड्याच्या टोकाच्या पट्टीत) जागेवर आहे का ते मोजा. 'दुकानदाराने बसवून दिलं' हे वाक्य वाचल्यापासून माझ्या डोक्यात तेच आहे. टेक्निक्सला सोपं माप आहे, सुईच्या टोकापासून हेडशेलच्या मागच्या कडेपर्यंत, जिथे रबरी वॉशर असतो तिथपर्यंत, ५२ मिमी. आर्म एका खिळ्याभोवती कमानीत फिरते, त्यामुळे ती खाचेला बरोबर समांतर दोनच ठिकाणी असते, बाकी सगळीकडे थोडा कोन. तो कोन बाहेर खपून जातो, आत नाही. कार्ट्रिज मागे सरकलेलं असेल तर शेवटाला हमखास फाटणार.

म्हापशेकार

जरा अवांतर. आमच्याकडे पावसात रेकॉर्डींना बुरशी धरते. माझ्या निम्म्या एलपी अंजुण्याच्या बाजारातून आलेल्या, हिप्पी लोक परत जाताना विकून गेलेला माल हातोहात फिरत आलेला. चार महिने कपाटात राहिल्या की खाचेत पांढरी जाळी. ती सुईला गोळा होते आणि रेकॉर्डच्या शेवटापर्यंत सुईच्या बुडाला केसाळ बोंडूक तयार. मग आवाज फाटणारच! रेकॉर्ड 'धुतली' म्हणजे नक्की कशी धुतली ते सांगा. कापडाने पुसली असेल तर घाण फक्त आत दाबली गेलीय.

तबकडीबाज

म्हापशेकार, एकदम बरोबर. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल आणि दोन थेंब सौम्य साबण, मऊ केसांचा ब्रश खाचेच्या दिशेने, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभी वाळवायची. पंख्याखाली नको, धूळ बसते. आणि ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डींना अल्कोहोल चुकूनही नको, लाख विरघळते. आजोबांच्या नाट्यपदांच्या रेकॉर्डी अशाने गेलेल्या पाहिल्यात.

सुईधागा

रविवारी बसलो. स्टीलची पट्टी लावून मोजलं तर ५२ च्या जागी ४९ मिमी. कार्ट्रिज पार मागे ढकललेलं, वर हेडशेलमध्ये किंचित तिरकं. अँटिस्केट शून्यावर. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "साहेब, सगळ्यांना असंच देतो, कुणाची कम्प्लेंट नाय."

पुढे सरकवून ५२ केलं, सरळ केलं, अँटिस्केट २. क्रिमसनचा शेवट आता ऐकवतो. मावशी म्हणतात तसा थोडा धुरकट आहे, पण खरखर गेली. येसच्या 'क्लोज टू द एज'चा पहिल्या बाजूचा शेवट आधी ठीकठाक वाटायचा, तोही मोकळा झाला.

'फॉक्सट्रॉट' मात्र अर्धीच सुधारली. ऑर्गन आता स्वच्छ आहे. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत 'स' अजून थुंकतात, आता दोन्ही स्पीकरमध्ये सारखे. परत धुतली, म्हापशेकारांच्या शंकेला मान देऊन ब्रशने. फरक नाही.

लीड्सकर

मग उरलं ते आधीच्या मालकाचं पुण्य. सत्तरच्या दशकात विद्यार्थ्यांकडे काय असायचं? झाकणात स्पीकर असलेला प्लेयर, सिरॅमिक कार्ट्रिज, पाच-सहा ग्रॅम वजन, आणि सुई कधी बदललेली नाही. अशी झिजलेली सुई आतल्या खाचांमधली बारीक वळणं अक्षरशः तासून काढते. तिथलं प्लॅस्टिक गेलं ते गेलं. आणि लोक वाजवायचे काय? तोच शेवट, परत परत.

सराफाचं भिंग मिळालं तर बघा. टेबललॅम्प एका बाजूने तिरका धरा. धड खाच काळी आणि धारदार चमकते, मार खाल्लेली राखाडी, भुरकट दिसते. मोठ्या आवाजाच्या जागी हा राखाडी पट्टा जास्त ठळक असतो. साध्या डोळ्याला रेकॉर्ड नवीकोरी वाटू शकते, कारण ओरखडा वर असतो आणि झीज आत भिंतीला.

आणखी एक शक्यता बाद करून टाका. प्रेस करताना प्लॅस्टिक खाचेत पूर्ण भरलं नाही तर टाके घातल्यासारखी बारीक ठिपक्यांची रांग दिसते आणि चेन ओढल्यासारखा 'झ्झर्र' येतो. तो कारखान्यातला दोष, आणि त्याला शेवटच हवा असं नाही, कुठेही येतो.

सुईधागा

भिंग मिळालं, शेजारच्या सोनारकाकांकडून. शेवटच्या बोटभर पट्ट्यात राखाडी रंग आहे. त्याच्या आधी काळीभोर. ठिपके नाहीत.

म्हणजे ही प्रत गेली असं समजू?

तबकडीबाज

गेली असं नाही. गोल टोकाची सुई भिंतीला एका ठराविक उंचीवर टेकते आणि झीज तिथेच होते. मायक्रोलिनियर किंवा शिबाता टोक खोलवर आणि लांब रेघेत टेकतं, आधीच्या सुईने न तासलेला भाग थोडाफार वाचतं. तुमचं सुदैव असं की व्हीएम९५ मालिकेत अंग एकच, फक्त सुई ओढून बदलायची. एमएल (मायक्रोलिनियर) सुई लावून बघा. महाग आहे, पण कंपनी स्वतः इलिप्टिकलला ३०० तास आणि मायक्रोलिनियरला १००० तास आयुष्य सांगते, तो हिशोब धरा. मात्र बारीक टोक कोनाच्या बाबतीत नखरेल असतं, तेव्हा मापं परत काटेकोर घ्या.

आणि तुम्ही अशा लांब बाजूच ऐकत असाल तर ५२ मिमीवर राहा. ते माप स्टीव्हन्सनच्या (कार्ट्रिज बसवायच्या) पद्धतीच्या जवळ जातं, ज्यात समांतर येणारी आतली जागा जवळपास शेवटच्या खाचेवर असते. लोफग्रेनच्या पद्धतीत ती ६६ मिमीवर येते, सरासरी कोन कमी, पण अगदी शेवटाला थोडा वाढतो. हायफायवाले लोफग्रेनची शिफारस करतात. मी स्वतः सिंफनी आणि असल्या एलपींसाठी स्टीव्हन्सनच ठेवतो, शेवट खराब झाला तर सरासरी घेऊन काय करायचंय?

मेलोट्रॉन_मावशी

काका, एमएलच्या पैशांत दुसरी धड प्रत येईल! किंवा नवीन कटिंग. 'फॉक्सट्रॉट' आता ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्यांवरही मिळते, जागाच जागा.

लीड्सकर

मिळते, पण 'सपर्स रेडी' मधे तोडून उठायचं, बाजू बदलायची आणि परत बसायचं. मला नाही जमत. ईएलपी (एमर्सन, लेक अँड पामर) बँडचं 'कार्न ईव्हिल ९' १९७३ मध्येच दोन बाजूंत तुटलं होतं, पण त्यांनी निदान पहिली बाजू विरवत नेली आणि दुसरी विरत्या आवाजातूनच उचलली. इथे तसं काही नाही. सुईधागा, सुई घ्या. ती उरलेल्या सगळ्या रेकॉर्डींना लागेल.

सुईधागा

सुई मागवलीय. आली की इथेच लिहितो.

मधलीसुट्टी

धागा वाचून माझं पण मोजलं, ५२ च आहे. :( माझा प्रश्न वेगळा निघाला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पियानो आणि मेलोट्रॉनचा सूर हलतो, वर-खाली. मोटर गेली का?

मेलोट्रॉन_मावशी

घड्याळ घेऊन बसा. हेलकावा दर १.८ सेकंदांनी, ठरलेला येत असेल तर भोक मध्यावर नाही. लेबलाकडे आर्म डावी-उजवी डोलताना दिसेलही. ती मोटर नव्हे, ती रेकॉर्ड. फक्त मेलोट्रॉनच हलत असेल आणि पियानो स्थिर असेल तर काहीच करू नका. त्या यंत्रात प्रत्येक पट्टीखाली सुमारे ८ सेकंदांची टेपची फीत असते, ती ओढली जाताना सूर थरथरतोच. तो त्याचा स्वभाव.

मधलीसुट्टी

पियानोपण हलतो. १.८ च्या आसपासच. आणि सॉफ्ट मशीनच्या 'थर्ड'ची पहिली बाजू दबलेली, गोंगाटाची वाटते, बाकी तीन बाजू ठीक. तिथेही भोकच?

तबकडीबाज

नाही. ती बाजू म्हणजे 'फेसलिफ्ट', जानेवारी १९७० च्या कार्यक्रमांतलं रेकॉर्डिंग, वर टेप कापून-जोडून केलेलं. त्या टेपवरच तसं आहे. तिच्यासाठी कुठलाही स्क्रू हलवू नका. पियानोवाल्या रेकॉर्डचं भोक मात्र गोल कानशीने किंचित मोठं करून हाताने मध्यावर बसवता येतं. स्वस्त रेकॉर्डवर आधी हात बसवा.